ओसरीतली अदलाबदल

लाल रेषा माझी होती, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

डॉक्टर नाझनीन तांबोळींनी टेबलावरचा संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला होता. त्यावर दोन रेषा डावीकडून उजवीकडे चालल्या होत्या. आधी लाल चढायला लागली. तिच्यामागून, जरा उशिरानं, निळी. निळी मग इतकी वर गेली की पडद्याच्या कडेला टेकली. तिथे एक काळा ठिपका होता.

"हा ठिपका म्हणजे लाट," डॉक्टर म्हणाल्या.

'ओसरी'तला हा शब्द. मूल वस्तू फेकायला लागतं, भिंतीवर डोकं आपटतं, हाताला येईल त्याला चावतं, त्याला इथे लाट म्हणतात. आमच्या घरी त्याला नाव नव्हतं. "झालं सुरू," एवढंच आम्ही म्हणायचो.

"म्हणजे लाल शमूची," मी म्हणाले. "ती आधी चढते. मग ही निळी कोणाची?"

"निळी शमूची आहे, केतकीताई. लाल तुमची."

माझा नवरा तेजस पुढे वाकला. "माझी कुठे आहे?"

डॉक्टरांनी पडद्याला बोट लावलं. एक हिरवी रेषा दिसू लागली. ती ठिपक्यानंतर कधीतरी सावकाश उठली होती.

"तुमची सगळ्यांत शेवटी."

"म्हणजे घरी असते तशीच," तेजस म्हणाला.

डॉक्टर हसल्या. मलाही हसायचं होतं, पण मी लाल रेषेकडे बघत राहिले.

शाल्मली, आमची शमू, नऊ वर्षांची आहे. त्या रविवारी 'ओसरी'त तिचा अठ्ठावन्नावा दिवस होता. नाशिकहून दिंडोरी ओलांडून पुढे गेलं की द्राक्षबागांच्या मध्ये ही बैठी इमारत लागते. ज्यांच्या भावना आणि वागणं घरात आवरेनासं झालं आहे अशा मुलांना इथे नव्वद दिवस ठेवतात. चौदा मुलं, त्यांना दिवसरात्र सांभाळणाऱ्या सहा घरताया, दोन डॉक्टर. डिसेंबरात शमूनं काचेचं कपाट अंगावर ओढून घेतलं, दंडावर अकरा टाके पडले, आणि शाळेनं तिला परत घ्यायला नकार दिला. तेव्हा आम्ही तिला इथे आणलं. नव्वदाव्या दिवशी ती घरी यावी, एवढंच मला हवं होतं. ती माझ्याजवळ असावी.

इथे पट्टीबद्दल सांगायला हवं. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटणारी, पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी असते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, त्वचेतून वीज किती सहज वाहते ते, बोटांचं तापमान आणि घामातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, या चार मोजमापांतून ती एकच आकडा काढते. त्या आकड्याची रेषा म्हणजे ताणरेषा. माणूस एकाएकी भडकतो असं आपल्याला वाटतं, पण शरीर तीन-चार मिनिटं आधीच तयारीला लागलेलं असतं. पट्टीमुळे ती तयारी दिसू लागली. मग मुलांना नंतर शिक्षा करण्यापेक्षा आधीच अंगणात नेणं, थंड पाण्यात हात बुडवायला देणं, असं काहीतरी करता येऊ लागलं.

दुसरा शोध त्यातूनच निघाला. मूल आणि आईबाप यांना एकाच वेळी पट्ट्या लावून त्यांची घड्याळं जुळवली, तेव्हा दिसलं की एका घरातली शरीरं सुटी नसतात. एकाचा ताण वाढला की दुसऱ्याचा वाढतो, एक शब्दही न बोलता. मूल मोठ्या माणसाचा श्वास वाचतं, खांदे वाचतं, आवाजातला बारीक फरक वाचतं. आपण वाचतो आहोत हे त्याला ठाऊक नसतं. प्रश्न उरतो तो आधी कोण, एवढाच. त्याला आघाडी म्हणतात.

"दाखल करण्याआधीचे दोन आठवडे घरी आणि नंतर इथल्या भेटींत, अशा बावीस लाटा नोंदल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातल्या एकोणीस वेळा तुमची रेषा आधी चढली. साधारण चाळीस सेकंद."

"आणि भेटी नसतात त्या दिवशी?"

त्यांनी पडद्यावरची तारीख मागे नेली. "गेल्या तीन आठवड्यांत एकही लाट नाही."

मग त्यांनी नव्वदाव्या दिवसाबद्दल सांगितलं. 'ओसरी'च्या समितीपुढे तीन पर्याय असतात. मूल घरी जाईल, किंवा आणखी एक मुदत इथे राहील, किंवा अदलाबदल होईल. अदलाबदल दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. आघाडी मोठ्या माणसाची आहे असं दिसलं, तर मूल घरी जातं आणि ते मोठं माणूस पंचेचाळीस दिवस 'ओसरी'त येऊन राहतं.

"म्हणजे शमू घरी आणि मी इथे," मी म्हणाले.

"आकडे असेच राहिले तर मला तशी शिफारस करावी लागेल."

परतीच्या रस्त्यावर तेजसचं मनातल्या मनात गणित चाललं होतं. तो एसटीच्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं लावतो. कुठली गाडी कुठे अडली की पुढच्या किती गाड्यांना उशीर होईल, हे त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतं.

"म्हणजे दोष तुझा आहे असं म्हणतायत का त्या?"

"दोष हा शब्द त्यांनी वापरला नाही."

"मग कुठला वापरला?"

"आघाडी."

"निवडणुकीला उभी राहा मग," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "सॉरी."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटायला माझी रेषा चढायला नको का आधी."

मी खिडकीबाहेर बघितलं. बागांमध्ये तोड चालू होती, बायका पाट्या भरत होत्या. मला खरंच काही कळत नव्हतं. मी घाबरते म्हणून शमूला लाट येते, की तिला लाट येणार हे मला आधी कळतं म्हणून मी घाबरते? दोन्ही गोष्टींत रेषा अगदी तशाच दिसल्या असत्या. हवामान खात्याचा इशारा पावसाच्या आधी येतो, म्हणून काही हवामान खातं पाऊस पाडत नाही.

मी सातपूरच्या एका प्रयोगशाळेत वजनं तपासते. दुकानातली नव्हे. ज्या वजनांवरून औषध कंपन्या आपले तराजू लावून घेतात, ती प्रमाण वजनं. आमचा सर्वांत बारीक तराजू मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागापर्यंत जातो. वजन हातानं उचलायचं नाही, चिमट्यानं. आणल्या दिवशी मोजायचं नाही, चोवीस तास खोलीत निवू द्यायचं. आणि वजन ठेवलं की माणसानं मागे सरायचं, कारण अंगाच्या उबेनं हवा हलते आणि आकडा बदलतो. चौदा वर्षं मी हेच शिकले आहे, मोजमापातून स्वतःला काढून घ्यायला.

त्यामुळे त्या आठवड्यात मला जे सुचलं ते मला अगदी साधं वाटलं. दोन गोष्टी एकमेकींना हलवत असतील, तर एक पक्की धरायची आणि दुसरीचं काय होतं ते बघायचं. शमूला पक्कं धरता येत नाही. मला येतं. अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या माझ्याकडे होत्याच. त्या गोळीनं हृदयाची धाव रोखली जाते, आणि ताणरेषेत सर्वांत मोठा वाटा हृदयाचाच असतो. मी गोळी घेऊन भेटीला गेले आणि तरीही शमूला लाट आली, तर आघाडी माझी नव्हे हे सिद्ध होईल. नाही आली, तर निदान कळेल तरी.

मी हे कोणाला सांगितलं नाही. कळलं तर घरताया वेगळ्या वागतील आणि प्रयोग बिघडेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

पासष्टाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गोळी घेतली.

भेटीच्या खोलीत सतरंजी असते, बुटकं टेबल असतं, आणि छताला पट्ट्यांचे आकडे टिपणारी पांढरी डबी. शमू घरताईंचा हात धरून आली. सुवर्णाताई गांगुर्डे, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, कायम पदर खोचलेल्या. शमू नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. ही तिची लहानपणापासूनची सवय. लाडाची आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

तिनं मनगट सोडलं, पुन्हा धरलं.

"तू आज कंटाळलीस का?"

"नाही गं. का?"

"असंच."

आम्ही पत्ते खेळलो. ती हरली, तरी पत्ते फेकले नाहीत. खाऊचा डबा उघडून दिला तर "थँक यू" म्हणाली. एका तासानंतर तिनं विचारलं, "मी आता जाऊ? ताई वाट बघत असतील." सुवर्णाताई दारातच उभ्या होत्या.

डॉक्टर खूश होत्या. लाल रेषा सपाट, निळी जवळजवळ सपाट. "फार छान, केतकीताई. श्वासाचे व्यायाम चालू आहेत ना?"

"हो," मी म्हणाले.

घरी येताना तेजस शीळ वाजवत होता. मला आनंद होत होता आणि काहीतरी टोचत होतं. पाहुण्यांशी वागावं तशी शमू माझ्याशी वागली होती. पण मी तर तेच मागत होते ना, की तिनं शांत असावं?

बाहत्तराव्या दिवशी मी पुन्हा गोळी घेतली. त्या दिवशी शमूनं पत्त्यांना हात लावला नाही. तिनं माझी दोन्ही मनगटं धरली, मग गळ्याला दोन बोटं लावली, मग छातीला कान लावून बसली. तिची निळी रेषा सबंध दोन तास अर्ध्यावर होती, वरही गेली नाही आणि खालीही आली नाही. लाट आली नाही. निघताना ती म्हणाली, "नीट जा." एवढ्या मोठ्या माणसासारखं तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत सुवर्णाताईंचा फोन आला.

"ताई, कामात आहात का?"

"बोला ना."

"शमू जेवत नाही दोन दिवस झाले. दूध तेवढं घेते. डॉक्टर मॅडमनी तपासलं, पोटबिट बरंय." त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू का? रागावू नका. तुम्ही काही औषध घेऊन येता का?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"नाही, ती सारखी एकच म्हणते. म्हणते, आईच्या आतलं बंद झालंय. मी म्हटलं, असं कसं बंद होईल बाई, बोलली ना तुझ्याशी? तर म्हणते, बोलते, पण हात गार आहे आणि आत वाजत नाही. गार असला की वाजतं जोरात, म्हणते. माझ्या सासऱ्यांना हार्टची गोळी होती ना, त्यांचा हात असाच गार लागायचा आणि नाडी बैलगाडीसारखी. म्हणून मनात आलं."

मी बाहेरच्या जिन्यावर येऊन बसले. गोळीनं हात गार पडतात, हे मला माहीत होतं. गोळ्यांच्या डबीवर लिहिलेलं आहे. मी हृदय पक्कं धरलं होतं आणि हात विसरले होते. नऊ वर्षांच्या मुलीनं दोन मोजमापं घेतली होती, ती एकमेकांशी जुळत नव्हती, आणि त्याचा एकच अर्थ तिला लागला होता. आई आतून मरते आहे आणि कोणी सांगत नाही.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर तांबोळींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या.

"तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात."

"म्हणूनच केलं."

"नाही. शास्त्र शिकलेलं माणूस आधी परवानगी घेतं. हे आईनं केलं." टोपण लागलं. "मला आता हे दोन रविवार धरता येणार नाहीत. आणि धरले तर ते तुमच्याविरुद्धच जातात. तुमचं हृदय थांबवलं की तिची लाट थांबते."

"मला माहीत आहे."

"तरी सांगितलंत?"

"ती जेवत नाहीये," मी म्हणाले.

त्यांनी मला लगेच शमूकडे नेलं. त्या दिवशी मी गोळी घेतली नव्हती, हात साधे होते. शमूनं मनगट धरलं, बराच वेळ धरलं, आणि सुवर्णाताईंना म्हणाली, "वाजतंय." मग तिनं दोन पोळ्या खाल्ल्या.

एकोणऐंशीव्या दिवशी गोळी नव्हती, आणि लाट आली. भेट सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. मी काहीतरी हसून बोलत होते, शमूचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, आणि पुढच्या क्षणी बुटकं टेबल उलटलं. तिनं पत्ते फाडले, सुवर्णाताईंच्या बाहीला चावली, भिंतीकडे धावली. मी नेहमी करते तेच केलं. तिच्या डोक्यामागे उशी धरली, टेबल पायानं लांब सरकवलं, आणि हळू आवाजात आकडे मोजू लागले. एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर. अकरा मिनिटांनी ती माझ्या मांडीवर होती, घामानं भिजलेली.

नंतर डॉक्टरांच्या खोलीत आम्ही रेषा पाहिल्या. लाल आधी, निळी मागून, ठिपका. सगळं तसंच होतं. डॉक्टर पडदा बंद करणार होत्या.

"थांबा," मी म्हणाले. "ठिपक्याच्या पुढे न्या."

ठिपक्याच्या पुढे लाल रेषा कोसळली होती. लाट अजून जोरात होती, निळी अजून कडेला टेकलेली होती, आणि माझी रेषा भेटीच्या सुरुवातीपेक्षाही खाली गेली होती.

"बाकीच्या बघूया," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

बावीसपैकी बावीस. लाट सुरू झाली की पंधरा सेकंदांत माझी रेषा खाली. आघाडी काढणारं यंत्र फक्त चढ मोजत होतं. उतार कोणाचा आधी, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मला ते खरं आहे हे शरीरानं माहीत होतं. लाट येईपर्यंत मी मेलेली असते. आली की काय करायचं ते मला येतं.

शमू अंगणातल्या कट्ट्यावर द्राक्षं खात बसली होती. आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो.

"शमू," डॉक्टर म्हणाल्या, "लाट येण्याआधी काय होतं गं?"

"मला काय माहीत."

"बरं."

ती एक एक द्राक्ष दाबून बघत होती. "आई गार होते," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मग ती हसते. ते खोटं असतं. मग ते खूप वेळ चालतं."

"मग?"

"मग मी ओरडते. मग ती नीट होते."

"नीट म्हणजे कशी?"

शमूनं डॉक्टरांकडे असं बघितलं, की एवढंही कसं कळत नाही. "आईसारखी."

"तू मुद्दाम ओरडतेस का?" मी विचारलं.

"नाही. ते होतं." तिनं विचार केला. "पण मला माहीत असतं."

डॉक्टरांनी नंतर मला बजावलं की यावर फार भिस्त ठेवू नका. मुलं घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून कारण जोडतात, मोठीही जोडतात. उतार दिसतो हे खरं, पण तो उतार हे लाटेचं कारण आहे असं एका मुलीच्या दोन वाक्यांवरून म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मीही प्रयोगशाळेतल्या माझ्या हाताखालच्या मुलींना तेच सांगितलं असतं. माझी भीती आधी, की तिची, की तिनं माझ्या भीतीवर शोधलेला उपाय? मी कशाला घाबरते? पहिल्या लाटेच्या आधीपासून घाबरत होते, एवढं आठवतं. त्याच्या मागे जायला गेलं की हाताला काही लागत नाही.

पण एक गोष्ट मला कळली आणि तिला आकड्यांची गरज नव्हती. शमूला वाटत होतं की आईला नीट करणं हे तिचं काम आहे. ते खरं असो वा नसो, घरी आली की ती पुन्हा कामाला लागणार होती.

नव्वदाव्या दिवशी समितीनं विचारलं, तेव्हा अदलाबदलीसाठी मीच हो म्हणाले.

"तिला काय सांगू?" तेजसनं व्हरांड्यात विचारलं. "आई वसतिगृहात चालली?"

"तेच सांग. खरं आहे."

"मला एकट्याला जमेल का?"

"तुझी रेषा सगळ्यांत शेवटी चढते. तुला बरं जमेल."

"ही तारीफ होती का?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

शमू रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं, सोडलं, आणि गाडीत बसण्याआधी धावत जाऊन सुवर्णाताईंना खाली वाकवलं. त्यांच्या कानात ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. सुवर्णाताई मान डोलावत होत्या, मध्येच नाही म्हणत होत्या, पुन्हा डोलावत होत्या. मग गाडी गेली.

मला शमूचाच पलंग मिळाला. पाय बाहेर येत होते. मुलांना माझं नवल वाटलं नाही, त्यांनी याआधी दोन बाप आणि एक आजी पाहिली होती. सकाळी अंगण झाडायचं, मग डॉक्टरांकडे तास, दुपारी भाजी निवडायची, पाच वाजता घरून फोन. पहिल्या दिवशी शमूनं हुंकाराशिवाय काही बोलायचं नाकारलं. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही, ती झोपली आहे असा तेजसचा निरोप आला.

तिसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून मी स्वयंपाकघरात फोनसमोर बसले होते. गवार मोडत होते. ती जेवते का? तेजस खरं सांगतो आहे का? काही झालं असेल आणि मला सांगायचं नाही असं ठरलं असेल तर? बोटं गार पडली. शेंगा मोडेनात. सुवर्णाताई येऊन समोर बसल्या, माझ्या हातातली शेंग घेतली, त्यांची बोटं क्षणभर माझ्या बोटांना लागली. त्या उठून ओट्याकडे गेल्या.

दुसऱ्या क्षणी सगळ्या स्टीलच्या ताटल्या फरशीवर होत्या.

आवाज असा झाला की अंगणातली मुलं दारात येऊन उभी राहिली. मी उठलेच होते. "कोणी आत येऊ नका, पायाला लागेल," मी म्हणाले. कोपऱ्यात गेलेल्या ताटल्या ओढून काढल्या, मोजल्या, पुन्हा रचल्या. रचून झाल्यावर लक्षात आलं की हात गरम आहेत आणि श्वास खोल लागला आहे.

सुवर्णाताई तिथेच उभ्या होत्या. एकीलाही हात लावला नव्हता.

"सुटल्या हातातून," त्या म्हणाल्या.

"सगळ्या?"

त्यांनी पदर काढून पुन्हा खोचला. "ताई, मला खोटं जमत नाही. शमूनं सांगून ठेवलंय. आईचा हात गार पडला की जोरात ओरडा, म्हणाली. मी म्हटलं, बाई, या वयात मी ओरडायला लागले तर मलाच इथे भरती करतील. तर म्हणाली, मग भांडी पाडा. काचेची नको, स्टीलची पाडा, म्हणाली."

मला हसू आलं, आणि ते थांबेना, आणि ते हसूच आहे की नाही हेही समजेना. तेवढ्यात फोन वाजला.

"आई?" शमू होती. "ताईंनी पाडली का?"

सुवर्णाताईंनी हातानं नको नको केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ताटल्यांच्या चळतीकडे पाहिलं.

"पाडली," मी म्हणाले. "आत्ताच."

"नीट झालीस?"

"थोडी झाले. पण शमू, ऐक. आता ते काम ताईंचं आणि माझं. तुझ्याकडे नाही ते."

पलीकडे पाणी वाहत होतं. तेजसनं मागे कुठेतरी नळ बंद केला.

"मग मी काय करू?" ती म्हणाली.

"मला माहीत नाही. आज काय केलंस?"

"बाबानं डेपोत नेलं." मग हळूहळू सांगायला लागली. गाड्या रांगेत उभ्या राहून वीज भरून घेतात. एका गाडीचं नाक तुटलेलं होतं. तिथल्या काकांनी तिला चालकाच्या जागेवर बसू दिलं, पण हॉर्न वाजवायचा नाही अशी अट होती. ती वाजवणार होती, पण नाही वाजवला. एकदाच वाजवला.

मी कान लावून ऐकत होते. तिचा आवाज वर गेला, खाली आला. तिचे खांदे मला दिसत नव्हते, श्वास ऐकू येत नव्हता, मनगट हातात नव्हतं. ती आतून कशी आहे, हे मला काही केल्या कळेना. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कळत नव्हतं.

"शमू, कशी आहेस तू?" मी विचारलं, आणि ती काय सांगते त्याची वाट बघत उभी राहिले.